सर्वोत्तम बास्केटबॉलपटूंची क्रमवारी लावताना या चुका टाळा

एनबीए या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील सध्याचे सर्वोत्तम दहा खेळाडू कोण, यावरून जाणकारांचे जुंपते तेव्हा बहुतेक वेळा ते एकाच प्रश्नाचे उत्तर देत नसतात. गेल्या हंगामात सर्वांत चांगले कोण खेळले, हे एक जण सांगत असतो. उद्या अंतिम मालिकेतील सातवा, निर्णायक सामना असेल तर संघ कोणाभोवती उभा करावा, हे दुसरा सांगत असतो. आणि तिसरा, नकळत, आजवर सर्वांत जास्त कोणी मिळवले याची बेरीज करत असतो. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण तिन्हींची उत्तरे एकाच यादीत कालवली की यादीला कोणताच अर्थ उरत नाही. पुढील विवेचनासाठी २०२४-२५ चा हंगाम आधाराला घेतला आहे, कारण या साऱ्या चुका होण्यास लागणारी सामग्री त्या एका वर्षात भरपूर सापडते.

प्रश्न ठरवण्याआधी नावे लिहिणे

त्या हंगामात ओक्लाहोमा सिटी थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरने सामन्यामागे ३२.७ गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच्या संघाने ८२ पैकी ६८ सामने जिंकले, आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार, विजेतेपद आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान असे तिन्ही त्याच्याकडे आले. त्याच हंगामात डेन्व्हर नगेट्सच्या निकोला योकिचने सामन्यामागे २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) आणि १०.२ असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) अशी सरासरी राखली. संपूर्ण हंगामाची सरासरी ट्रिपल-डबल (म्हणजे गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन अंकी) असणारा ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रुक यांच्यानंतरचा तो तिसरा खेळाडू आणि पहिलाच सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) ठरला. पुरस्काराच्या मतदानात १०० पैकी ७१ जणांनी शेला पहिली पसंती दिली, २९ जणांनी योकिचला.

आता यांतला पहिला कोण? हंगाम शेचा होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही कोणत्याही चार साथीदारांसह, कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एकच खेळाडू निवडायचा झाला तर मी आजही योकिचला निवडेन, कारण त्याच्याकडे चेंडू असताना त्याचे साथीदार जसे मोकळे होतात तसे अन्य कोणाच्याही बाबतीत होत नाहीत. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात ती केवळ प्रश्न वेगळे असल्याचे लक्षात घेतले नाही तर.

आपल्या यादीत ही चूक झाली आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जोएल एम्बीडला आपण कोठे ठेवले ते पाहावे. २०२२-२३ मध्ये तो सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, २०२३-२४ मध्ये त्याची सरासरी ३४.७ गुणांवर गेली, पण दुखापतींमुळे त्या वर्षी तो ३९ आणि पुढच्या वर्षी अवघे १९ सामने खेळू शकला. ‘सध्याच्या’ यादीत तो पहिल्या दहांत येत असेल तर आपण क्षमतेची स्मृती मोजत आहोत. लेब्रॉन जेम्सच्या बाबतीत हेच उलट दिशेने तपासावे लागते. वयाची चाळिशी गाठलेल्या वर्षीही त्याने २४.४ गुणांची सरासरी राखली आणि मतदानाने निवडल्या जाणाऱ्या तीन ऑल-एनबीए संघांपैकी दुसऱ्यात स्थान मिळवले. त्यामुळे त्याला केवळ आदरापोटी वर ठेवणे जितके चुकीचे, तितकेच केवळ वयाकडे पाहून खाली ढकलणेही चुकीचे.

उपाय असा की नावे लिहिण्यापूर्वी यादीच्या माथ्यावर एक पूर्ण वाक्य लिहावे: कोणता कालखंड, प्लेऑफ (नियमित हंगामानंतरच्या बाद मालिका) धरून की सोडून, आणि दुखापतीमुळे हुकलेल्या सामन्यांचे काय करायचे. वाक्य लिहिताना अडखळायला झाले, तर यादी लिहिताना अडखळायला होणारच.

पुरस्कारांच्या यादीलाच क्रमवारी समजणे

पुरस्कारांना स्वतःचे नियम असतात, आणि ते नियम क्रमवारीसाठी बनवलेले नसतात. सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठीचे मतदान केवळ नियमित हंगामाचे असते. मते प्लेऑफ सुरू होण्याआधीच नोंदवली जातात. २०२३-२४ पासून बहुतेक मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट आली. या अटीमुळे २०२५ च्या ऑल-एनबीए तीन संघांतील पंधरा नावांत लुका डॉन्चिच नाही, कारण तो ५० सामने खेळला. व्हिक्टर वेम्बान्यामाही नाही, कारण उजव्या खांद्यातील रक्ताच्या गुठळीमुळे त्याचा हंगाम ४६ सामन्यांवर थांबला. त्या पंधरा नावांना कोणी ‘लीगमधील सर्वोत्तम पंधरा’ म्हणत असेल, तर डॉन्चिच सोळावा किंवा त्याहून खालचा आहे असे त्याला म्हणावे लागेल, आणि असे म्हणण्याची तयारी फार थोड्यांची असेल.

जुन्या नोंदी वापरताना आणखी एक खाच आहे. २०२२-२३ पर्यंत ऑल-एनबीए संघात दोन गार्ड (रिंगपासून दूर राहून खेळ रचणारे), दोन फॉरवर्ड (गार्ड आणि सेंटर यांच्या मधले) आणि एक सेंटर अशी जागांची विभागणी होती. त्यामुळे २०२१ आणि २०२२ मध्ये मौल्यवान खेळाडूच्या मतदानात दुसरा आलेला एम्बीड दोन्ही वर्षी दुसऱ्या संघात गेला, कारण सेंटरची एकमेव जागा योकिचकडे होती. ‘पहिल्या संघात कितीदा’ ही मोजणी करताना हे विसरले तर सेंटर खेळाडूंवर अन्याय होतो.

ऑल-स्टार या दरवर्षीच्या प्रदर्शनीय सामन्यासाठीच्या निवडीचा आधार तर शक्यतो घेऊच नये. २०१७ मध्ये चाहत्यांच्या मतांत गोल्डन स्टेटचा झाझा पाचुलिया पश्चिम विभागातील फ्रंटकोर्टमध्ये (फॉरवर्ड आणि सेंटर यांच्यात) दुसरा आला होता. खेळाडू आणि पत्रकारांच्या मतांना वजन देणारी पद्धत त्याच वर्षी लागू झाली म्हणून तो सुरुवातीच्या पाचांत गेला नाही.

गुणांची सरासरी पाहून थांबणे

ही चूक सर्वांत जुनी आहे, आणि तिची कारणेही समजण्यासारखी आहेत: गुण दिसतात, बाकीचे शोधावे लागते. ट्वेंटी-२० सामन्यात पन्नास धावा झाल्या असे कळले की आपण लगेच विचारतो, किती चेंडूंत? बास्केटबॉलमध्ये हाच प्रश्न विचारायला आपण विसरतो.

तो प्रश्न विचारण्याचे साधन म्हणजे ट्रू शूटिंग टक्केवारी. मैदानातून घेतलेले एकूण शॉट आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) ०.४४ पट यांची बेरीज करावी, तिची दुप्पट करावी, आणि मिळवलेल्या गुणांना त्या संख्येने भागावे. समजा, दोन खेळाडूंनी प्रत्येकी २८ गुण मिळवले आणि दोघांनीही ८ फ्री थ्रो घेतले. एकाने त्यासाठी २० शॉट घेतले, दुसऱ्याने २५. पहिल्याची टक्केवारी साडेएकोणसाठच्या घरात जाते, दुसऱ्याची एकोणपन्नासवर राहते. लीगची अलीकडची सरासरी सत्तावन-अठ्ठावन टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे धावफलकावर सारखे दिसणारे हे दोघे, एक संघाला पुढे नेणारा आणि दुसरा मागे खेचणारा आहेत. अर्थात, संघाचे बहुतेक शॉट स्वतः घेणाऱ्याची टक्केवारी थोडी घसरणे स्वाभाविक असते, आणि फक्त रिंगखाली मिळालेले चेंडू टाकणाऱ्याची ती फुगते. म्हणून हा आकडा त्या खेळाडूवरील आक्रमणाच्या भारासह वाचावा लागतो.

रिबाउंड आणि असिस्टच्या बाबतीतही कसे मिळाले हे पाहावे. वेस्टब्रुकच्या २०१६-१७ मधील ऐतिहासिक हंगामात ओक्लाहोमाचा सेंटर स्टीव्हन अ‍ॅडम्स प्रतिस्पर्ध्यांना रोखून धरत असे आणि चेंडू वेस्टब्रुक उचलत असे. त्यातून संघाला वेगवान प्रतिहल्ला करता येई, त्यामुळे ती खेळी मूर्खपणाची नव्हती. पण त्या रिबाउंडचे सारे श्रेय एकाच नावापुढे लिहिणेही बरोबर नाही.

बचाव न पाहणे, किंवा स्टील आणि ब्लॉक यांनाच बचाव समजणे

खेळाचा अर्धा वेळ बचावात जातो, पण बहुतेक याद्यांत त्याला शेवटच्या ओळीतील एखादे विशेषण मिळते. ज्यांना ही उणीव जाणवते ते बहुधा स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट) यांच्या सरासरीकडे वळतात, आणि तेथे दुसरी चूक होते. २०२४-२५ मध्ये अटलांटाच्या डायसन डॅनियल्सने सामन्यामागे तीन स्टील मिळवले आणि तो खरोखरच उत्तम बचावपटू आहे. मात्र स्टीलचा मोठा आकडा दिसला की बचाव उत्तमच असेल, असा नियम त्यावरून काढता येत नाही. पासच्या मार्गात झेप घेऊन चेंडू न मिळाल्यास मागे चारांना पाचांशी खेळावे लागते, आणि ती चूक त्या खेळाडूच्या नावावर कोठेही नोंदली जात नाही.

उलट, उत्तम बचावाचा मोठा भाग कोठेच नोंदला जात नाही. चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला रूडी गोबेर रिंगजवळ उभा असला की प्रतिस्पर्धी गार्ड आत शिरून चेंडू बाहेर परत पाठवतो. न घेतलेल्या शॉटचा आकडा नसतो. वेम्बान्यामाने २०२४-२५ मध्ये सामन्यामागे ३.८ ब्लॉक केले, पण त्याचे खरे मोल त्याच्या लांब हातांना पाहून सोडून दिलेल्या शॉटमध्ये आहे, असे मी म्हणेन.

मे २०२५ मधील डेन्व्हर आणि ओक्लाहोमा यांच्यातील मालिकेचा सातवा सामना या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. सहा फूट पाच इंचांच्या अ‍ॅलेक्स करूसोला ओक्लाहोमाने जवळजवळ सात फुटी योकिचवर लावले. करूसो योकिचच्या पुढ्यात येऊन, ढकलाढकली करून त्याला चेंडू मिळूच देत नव्हता, आणि मागून दुसरा खेळाडू मदतीला उभा होता. योकिचने त्या सामन्यात जेमतेम नऊ शॉट घेतले. ओक्लाहोमाने १२५-९३ असा विजय मिळवला. करूसोने काय केले हे त्याच्या गुण-रिबाउंडांच्या ओळीतून कळणार नाही.

यावर उपाय वेळखाऊ आहे. ज्या खेळाडूविषयी शंका असेल त्याचा एक पूर्ण सामना, चेंडूकडे न पाहता, केवळ त्याच्याकडे पाहून बघावा. प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याला शोधून त्याच्यावर हल्ला चढवतात का, की त्याला टाळतात? प्रशिक्षकांचे उत्तर तेथे उघड दिसते. भारतात हे सामने बहुधा भल्या पहाटे आणि सकाळी होत असल्यामुळे आपल्यापैकी अनेकांची मते दहा मिनिटांच्या चित्रफितींवर बनतात, आणि अशा चित्रफितींत बचाव म्हणजे केवळ ब्लॉक असतो.

संघाचा निकाल खेळाडूच्या नावावर टाकणे

मिलवॉकी २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन वर्षे पहिल्याच फेरीत बाहेर पडले, आणि त्याबरोबर यानिस आंतेतोकुम्पोचे नाव अनेक याद्यांत खाली घसरले. २०२४ मध्ये तो दुखापतीमुळे त्या मालिकेत खेळलाच नव्हता. २०२५ मध्ये इंडियानाविरुद्ध त्याने सामन्यामागे ३३ गुण आणि १५ हून अधिक रिबाउंड मिळवले, तर त्याचा मुख्य साथीदार डेमियन लिलार्ड मालिकेदरम्यान टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटून बाहेर गेला. त्या पराभवासाठी यानिसला खाली आणणाऱ्याने आणखी काय अपेक्षिले होते ते सांगावे.

ही चूक टाळण्यासाठी काही जण खेळाडू मैदानात असताना आणि नसताना संघाच्या कामगिरीत पडणारा फरक पाहतात. साधन चांगले आहे, पण त्यातही सापळा आहे. योकिच बाकावर गेला की डेन्व्हर वर्षानुवर्षे कोसळत आले आहे, त्यामुळे त्याचा फरक प्रचंड दिसतो. ओक्लाहोमाची राखीव फळी भक्कम असल्याने शे बसला तरी संघ सावरतो आणि शेचा फरक तुलनेने लहान दिसतो. येथे आकडा खेळाडूबरोबर त्याच्या बदली खेळाडूलाही मोजत असतो. एका सामन्याचे प्लस-मायनस (खेळाडू मैदानात असताना संघाने मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांतील फरक) तर पुराव्यात धरूच नये.

ताज्या आठवणीला आणि दवंडीला बळी पडणे

एप्रिल २०२५ मध्ये खेळाडूंमध्येच घेतलेल्या एका निनावी पाहणीत इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन ‘अवाजवी कौतुक झालेला’ खेळाडू म्हणून पहिला आला. त्यानंतरच्या प्लेऑफमध्ये त्याने चारही फेऱ्यांत अखेरच्या क्षणी सामना जिंकून देणारा किंवा बरोबरीत आणणारा शॉट मारला. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात तर ०.३ सेकंद उरले असताना. जूनमध्ये अनेकांनी त्याला थेट पहिल्या पाचांत नेऊन बसवले. खरे तर एप्रिल आणि जून या दोन्ही वेळी तो साधारण तोच खेळाडू होता: ९ हून अधिक असिस्ट देऊन चेंडू क्वचित गमावणारा, पण काही सामन्यांत शॉट घ्यायलाच न धजावणारा. शेवटच्या सेकंदांचे शॉट संख्येने इतके थोडे असतात की त्यांवरून क्रम ठरवणे धोक्याचे आहे.

सातवा आणि अकरावा यांतील फरक आकड्यांनी सिद्ध करता येत नाही, म्हणून एकेक क्रमांक देण्याऐवजी गट करावेत. माझ्या पहिल्या गटात योकिच आणि शे हे दोघेच आहेत. दुसऱ्यात यानिस, डॉन्चिच आणि, पूर्ण हंगाम खेळण्याच्या अटीवर, वेम्बान्यामा. जेसन टेटम आणि हॅलिबर्टन यांचे अकिलीस २०२५ च्या प्लेऑफमध्ये तुटले, तेव्हा त्यांना ‘सध्याच्या’ यादीत न घेता वेगळी नोंद करून बाजूला ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे.

आणि यादीचे शीर्षक ‘सर्वोत्तम व्यावसायिक बास्केटबॉलपटू’ असे असेल, तर ती केवळ एनबीएची नाही हेही पाहावे. लास व्हेगस एसेसची एजा विल्सन २०२५ मध्ये चौथ्यांदा डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगची सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरली, आणि असा मान चार वेळा मिळवणारी ती पहिलीच. डब्ल्यूएनबीएचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८ मिनिटांचा. त्यामुळे दोन्हींच्या सरासऱ्या एका रकान्यात मांडता येणार नाहीत. एकतर तिच्यासाठी स्वतंत्र यादी करावी, नाहीतर शीर्षकात ‘एनबीए’ हा शब्द घालावा.