झोपेचं ॲप बनवताना: उठण्याच्या वेळेपासून मागे मोजा

गोव्यात कळंगुटच्या हॉटेलात रात्री बाराला किचन आवरणाऱ्याला ‘दहा वाजले, झोपा’ असा मेसेज गेला, तर दुसऱ्या दिवशी ॲप फोनमधून गेलंच म्हणून समजा. झोप लागणं कोणाच्या हातात नसतं, गजर लावणं असतं. म्हणून पहिल्या स्क्रीनवर एकच प्रश्न ठेवा: ‘उद्या किती वाजता उठायचंय?’ तिथून 8 तास मागे मोजा (प्रौढांना किमान 7 तास झोप हवी, उरलेला वेळ डोळा लागायला) आणि त्याआधी 45 मिनिटं इशारा द्या. चहा-कॉफीचा इशारा वेगळा, झोपायच्या वेळेच्या 8 तास आधी. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण 5 तास लागतात.

स्टॅनफर्डचे वर्तनशास्त्रज्ञ बी. जे. फॉग यांनी 2009 मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामी येतं: इच्छा, सोपेपणा आणि इशारा एकाच क्षणी जुळले तरच कृती घडते. दमलेल्या माणसाची इच्छा वाढवता येत नाही. काम सोपं करता येतं. ‘मोबाइल बघू नका’ लिहू नका. ‘चार्जर हॉलमध्ये लावा’ लिहा, खाली एकच बटण: ‘लावला’. ते दाबताच डू नॉट डिस्टर्ब (फोनचे आवाज बंद ठेवणारी सोय) सुरू व्हावं, पण गजर वाजेल इतकी सूट ठेवून. ही परवानगी आधीच, दिवसा मागून ठेवा.

सलग किती दिवस वेळ पाळली, याची साखळी ॲपमध्ये ठेवू नका. जत्रेला पहाटेपर्यंत नाटक बघितलं की साखळी तुटते, आणि तुटली की माणूस परत येत नाही. ‘आज जत्रा’ असं बटण द्या. तो दिवस हिशेबातून वगळा. दुपारच्या डुलकीलाही दटावू नका, 20 मिनिटांचा गजर द्या. गोव्यात दुपारी दुकानंसुद्धा झोपतात!

सगळ्यात जास्त घोळ इशारा न पोहोचण्याचा. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते. 14 मध्ये नव्या ॲपना नेमक्या वेळेच्या अलार्मची परवानगी बहुधा आपोआप मिळत नाही. फोन बंद करून चालू केला की लावलेले अलार्म पुसले जातात, ते ॲपने पुन्हा लावायचे. वापरणारा म्हणतो ‘ॲप बंद पडलं’, आणि आपण उगाच मजकूर बदलत बसतो.

चाचणीत गाढ झोपेची टक्केवारी दाखवू नका. मनगटी घड्याळाचा तो अंदाज असतो, आणि आकड्याच्या काळजीनेच काहींची झोप उडते. आधी 2 आठवडे इशाऱ्याविना, मग 2 आठवडे इशाऱ्यासह, उठण्याची वेळ किती मिनिटं मागेपुढे होते तेवढंच मोजा. शिफ्ट बदललेले दिवस वेगळे काढा.