वाद पेटवायचा कसा, ग्रुप न पेटवता

आमचा सांगलीचा आठ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, शाळेतली पोरं, दोघं पुण्यात गेली बाकी इथंच, आणि त्यात आम्ही तीनच गोष्टींवर भांडतो, गेम, चित्रं-नाटकं आणि बरं-वाईट. गुड मॉर्निंगच्या फुलांना बंदी. मधी एकानं ग्रुप सोडला होता, तो माझ्यामुळं, त्यामुळं आता जरा शहाणा झालोय म्हणून सांगतो.

प्रश्न बारका टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं. "व्हिडिओ गेम ही कला आहे का" असं विचारलं की मेलंच, दोघं हो म्हणतात, दोघं नाही म्हणतात आणि पाचवा स्टिकर टाकून झोपतो. त्यापेक्षा असं विचारा: न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमनं 2012 मध्ये पॅक-मॅन, टेट्रिस असले 14 गेम संग्रहात घेतले, तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या म्युझियमात राजा रविवर्म्याच्या चित्राशेजारी एकच गेम ठेवायचा झाला तर कुठला ठेवशील? आमच्यात यावर रात्री साडेबारापर्यंत चाललं होतं. एक जण म्हणाला टेट्रिस, कारण त्यात जिंकता येतच नाही, फक्त हरायला उशीर करता येतो. कला म्हणजे काय यावरच बोलतोय हे कुणाच्या लक्षात पण आलं नाही.

बरं-वाईट काढायचं असेल तर सापशिडीपासून सुरू करा, घरातल्या आजीला पण भाग घेता येतो. जुन्या मोक्षपटात शिड्यांना सद्गुणांची नावं असायची आणि सापांना दुर्गुणांची, ज्ञानेश्वरांनी तो रचला असं परंपरेनं सांगतात. आता गंमत बघा, कवड्या पडणार नशिबानं, मग रागाचा साप मला चावला यात माझा काय गुन्हा? मी हे टाकलं आणि मार्केट यार्डात हळदीचा धंदा करणारा आमचा मित्र, जो एरवी फक्त अंगठा दाखवतो, त्यानं लिहिलं, "भाव पण कवड्यांसारखाच पडतोय, तरी वाढला की लोक मला हुशार म्हणतात आणि पडला की येडा." यावर अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

मग बाजू बदला. वाद तापला की कुणीतरी "पलटी" लिहायचं आणि प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची. 2022 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या जत्रेत मिडजर्नी या एआयनं केलेल्या चित्राला डिजिटल आर्टमधी पहिलं बक्षीस मिळालं, त्यावरनं आमच्यातला फ्लेक्स डिझाईन करणारा जाम पेटला, चोरी आहे म्हणाला. पलटी झाल्यावर पाच मिनिटं गप्प, मग लिहितो, "मी तरी काय करतोय लगा, गुगलवरनं फोटो उचलतोय, आणि फ्लेक्स आल्यावर बोर्ड रंगवणारे पेंटर कुठं गेले कुणी विचारलं?" असं उत्तर सरळ भांडून कधीच निघालं नसतं.

आता माझी चूक. नाटकावर बोलताना मी एकाला टाईप केलं, "तुला काय कळतंय नाटकातलं." हे सांगलीत, जिथं विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' केलं, आणि ज्याच्या आजोबांची हयात पडदे ओढण्यात गेली त्याला! मी चेष्टेत लिहिलं होतं पण टायपिंगला हसू नसतं हो. त्यानं ग्रुप सोडला, मला भडंगाचा पुडा घेऊन घरी जावं लागलं. तेव्हापासून चेष्टा करायची तर व्हॉइस नोट, आणि बोलायचं ते चालीवर, खेळणाऱ्यावर नाही. बुद्धिबळात कसं, वजीर फुकट घालवलास म्हणतात, तू बिनडोक आहेस म्हणत नाहीत. म्हणजे आमच्या सांगलीत म्हणतात, पण नंतर चहा पाजतात.

आणि एक, प्रश्न कुणाच्या घरातनं जातोय ते बघा. फिलिपा फूट नावाच्या बाईंनी 1967 मध्ये ट्रॉलीचं कोडं मांडलं, पाच जण वाचवायला एकाचा जीव जाऊ द्यायचा का, ते आम्ही मजेत खेळतो. पण त्याचंच बोटीचं व्हर्जन, कुणाला बोटीत घ्यायचं कुणाला ठेवायचं, ते 2019 च्या महापुरानंतर कुणी टाकत नाही. ज्याच्या माळ्यापर्यंत पाणी आलं होतं त्याला ते कोडं वाटत नाही.

थांबायचं कसं हा खरा त्रास, कारण शेवटचा शब्द प्रत्येकाला हवा असतो. आमचा नियम असा, अकरा वाजले की बंद, आणि अकरानंतर ज्याचा शेवटचा मेसेज त्यानं रविवारी आयर्विन पुलाजवळ सगळ्यांना भडंग आणायचं. मागच्या महिन्यात तीनदा मीच आणलंय.