व्हॅलेन्सियात नव्याने आलेल्यांसाठी: सुटीचा दिवस कसा घालवावा

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात स्थिरावताना सर्वांत आधी इथले घड्याळ अंगवळणी पाडावे लागते. दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर होते, मधल्या वेळेत अनेक छोटी दुकाने बंद असतात आणि गावाची खरी वर्दळ ऊन उतरल्यावर सुरू होते.

पहिली ओळख तूरिया नदीच्या जुन्या पात्रातल्या बागेपासून करून घ्यावी. 1957 च्या ऑक्टोबरमधील महापुरानंतर नदीचा प्रवाह शहराच्या दक्षिणेकडे वळवण्यात आला. कोरड्या पडलेल्या पात्रातून महामार्ग नेण्याचा बेत होता, परंतु नागरिकांनी तिथे हिरवळच हवी असा आग्रह धरला, म्हणून आज सुमारे नऊ किलोमीटर लांबीचे हे उद्यान आपल्याला सायकलीवरून फिरायला मिळते. त्यातच गलिव्हरची अवाढव्य आकृती आहे. तिच्या अंगावरून मुले विनामूल्य घसरगुंडी खेळतात. पुढे वास्तुरचनाकार कालात्राव्हा यांनी रचलेल्या पांढऱ्या इमारती लागतात. त्या बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत, मात्र शेजारच्या ओशनोग्राफिक मत्स्यालयाचे तिकीट काढायचे असेल तर पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाटाच्या पाण्याचे तंटे सोडवणारी शेतकऱ्यांची न्यायसभा बसते. तिचे कामकाज तोंडी चालते आणि ते कोणालाही पाहता येते. तक्रार नसेल तर सभा काही मिनिटांत उठते, तरीही पाटपाण्याच्या गावातून आलेल्या माणसाने ती एकदा पाहावीच, असे मला मनापासून वाटते.

उन्हाळ्यात शहरालगतच्या आल्बोराया गावी जाऊन ओर्चाता प्यावे. आपल्या नागरमोथ्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या कंदांपासून ते करतात आणि त्यात दूध नसते. सोबत मिळणाऱ्या फार्तोन नावाच्या लांबट गोड पावात मात्र अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

मार्च महिना फाय्यास या उत्सवाचा. 1 ते 19 तारखेपर्यंत रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता, म्हणजे केवळ आवाजासाठी उडवलेली फटाक्यांची माळ, पाच-सहा मिनिटे अशी घुमते की तिचा ताल छातीत जाणवतो. तान्ह्या बाळांना तिथे नेऊ नये, आणि मोठ्यांनीही तासभर आधी पोहोचून मागे सरकण्याची वाट मोकळी राहील अशी जागा धरावी. 19 च्या रात्री चौकाचौकांतील भव्य पुतळे जाळतात. लोकांच्या मतांनी निवडलेल्या मोजक्या बाहुल्या तेवढ्या आगीतून वाचतात. होळीपौर्णिमा मागे सोडून आलेल्या आपल्या माणसाला ती रात्र फार जवळची वाटते.

गर्दीचा शीण आला की एल पाल्मार या गावाची बस धरावी. भातशेतांमधल्या आल्बुफेरा सरोवरात सूर्यास्ताच्या वेळी नावेतून फेरी मारता येते. पाएया हा भाताचा पदार्थ मात्र तिथे दुपारीच खावा, आणि मांसाहार करत नसाल तर भाज्यांचा पाएया मिळेल का, हे जागा राखतानाच विचारून घ्यावे, कारण मूळ व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा असतो.