फ्रीझ-ड्राय गरे: फणस पुरुमेंतात (पावसाळ्यासाठीच्या साठवणीत) कसा टाकावा

साटां (फणसाची पोळी) उन्हात वाळतात, त्यात रंग आणि वास निम्मा जातो. फ्रीझ-ड्रायिंगमध्ये गोठलेल्या फळातला बर्फ वितळतच नाही, निर्वातात थेट वाफ होऊन निघून जातो. म्हणून गऱ्याचा आकार, वास तसाच राहतो.

फणस कापो (घट्ट गऱ्यांचा) घ्या. रसाळ गरा ट्रेला चिकटून बसतो. बिया, पाती काढून 8 ते 10 मिलिमीटर जाडीचे काप करा आणि एकाच थरात मांडा. भरलेल्या ट्रेचे वजन लिहून ठेवा, पुढे तेच कामाला येईल.

घरच्या फ्रीजरचे उणे 18 अंश पुरत नाहीत. साखरेमुळे आतला पाक तिथे पूर्ण घट्ट होत नाही. फ्रीझ-ड्रायर यंत्रातच उणे 35च्या खाली न्या, मगच पंप सुरू करा. दाब 0.5 मिलिबारच्या खाली हवा. त्या दाबाला बर्फ उणे 27 अंशांच्या आसपास राहतो, 0.2 मिलिबारला उणे 36. दाब उतरत नसेल तर आधी दाराचे रबर पुसा (फणसाचा चीक तिथे हमखास लागतो), मग पंपाचे तेल बघा. दुधासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे, बदला. ट्रे घाईने तापवले तर गरे आक्रसून चिकट होतात, आणि ते परत सुधारत नाहीत. मध्येच वीज जाऊन बर्फ वितळला तरी तेच. त्याचे सरळ धोणस (फणसाचा केक) करा.

साधारण 20 ते 36 तास लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. सर्वांत जाड काप मोडून बघा. मध्य थंड किंवा मऊ लागला तर आत बर्फ आहे. ट्रेचे वजन करा, आणखी दोन तास चालवा, पुन्हा करा. फरक एक-दोन ग्रॅमपेक्षा कमी आला की झाले. किलोभर गऱ्यांचे पाव किलोच्या आसपास उरतात.

सुंगटां (कोळंबी) करायची तर आधी शिजवा. या पद्धतीने जंतू मरत नाहीत, उलट जपले जातात. बीसीजी लसीतले जिवंत जिवाणू असेच सुकवलेले असतात आणि द्रावण मिसळल्यावर ती कुपी चार तासांत वापरावी लागते. औषधांचा प्रयोग घरी करूच नका. तिथे निर्जंतुक खोली आणि अचूक मात्रा लागते.

गोव्यात खरी फजिती होते ती यंत्राचे दार उघडल्यावर. पावसाळी हवेत कुरकुरीत गरा काही मिनिटांत लवचिक होतो, आणि ट्रे गार असले तर त्यांवर दंव धरते. म्हणून ट्रे कोमट असतानाच, एसी लावलेल्या खोलीत दार उघडा. पिशव्या आधीच मांडून ठेवा. त्या ॲल्युमिनियमचा थर असलेल्याच हव्यात, पारदर्शक डबा नको. व्हॅक्यूम सीलरने गऱ्यांचा भुगा होतो. ऑक्सिजन-शोषक पुडी टाकून उष्णतेने बंद करा. पिशवी 50 ग्रॅमची ठेवा, फोडली की त्याच दिवशी संपली पाहिजे.