कॅम्पसवरच्या सायकलींसाठी निधी मागताना

सायकली विकत घ्यायला पैसे मिळतात. दुसऱ्या वर्षी ट्यूब आणि ब्रेकशू घ्यायला मिळत नाहीत. विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या सायकल योजना बहुतेकदा इथेच बंद पडतात. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली थाटात आल्या होत्या. काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्यामुळे प्रस्तावात खरेदीच्या आधी देखभालीचा आकडा मांडा.

वीस सायकलींचा साधारण हिशेब असा: बिनगिअरची सायकल साडेसहा हजारांना धरली तर १,३०,००० रुपये. कुलपं ६,०००. सुट्या भागांना सायकलीमागे वर्षाला १,५०० म्हणजे ३०,०००. आठवड्याला एकदा येणाऱ्या मेकॅनिकला फेरीचे ६००, वर्षातल्या चाळीस फेऱ्यांचे २४,०००. तीन वर्षांचे मिळून २,९८,००० होतात. मागायचा आकडा हाच, नुसत्या खरेदीचे १,३६,००० नव्हे. सगळ्या सायकली एकाच मॉडेलच्या घ्या, म्हणजे एका आकाराच्या ट्यूब-टायरवर भागतं. आणि पत्र्याची शेड आधीच असलेली जागा मागून घ्या. पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या सायकलीची चेन गंजते, ब्रेकवायर आवरणात अडकते, फ्रीव्हील घसरायला लागतं. पेडल फिरतं, चाक जागेवरच.

कंपन्यांच्या सीएसआर निधीचा (नफ्यातून समाजकार्यावर करायच्या खर्चाचा) दरवाजा बऱ्याच जणांना माहीत असतो, पण आत कसं जायचं ते नसतं. कंपनी कायद्यातल्या सीएसआर तरतुदीच्या कक्षेतल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण हा त्यातला मान्य विषय आहे. हा पैसा विद्यार्थी क्लबच्या नावावर येत नाही. घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी, म्हणजे असा निधी घेण्यासाठी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे केलेली नोंदणी. ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर आयकर सवलतीच्या १२ए, ८०जी नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावाही. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला तीन वर्षांची अट नाही, म्हणून तिथे अर्ज कुलसचिवांमार्फतच न्या. प्रस्ताव ‘बहुवार्षिक’ म्हणून मांडा: सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालणारा प्रकल्प नियमांत बसतो. देखभालीला पैसे मिळायची खरी जागा हीच. जानेवारी-फेब्रुवारीत भेटा, एप्रिलनंतर बऱ्याच कंपन्यांचा वर्षाचा आराखडा ठरलेला असतो.

सोबत मोजणी जोडा. तीन कामाचे दिवस, सकाळी ८ ते १०, मुख्य गेटवर दोघं उभे: दुचाकी, रिक्षा, पायी, सायकल असे चार रकाने आखलेल्या कागदावर रेघा मारायच्या. वसतिगृह ते ग्रंथालय अंतर पावलांनी नाही, टेपने किंवा फोनच्या नकाशावर मोजा. ‘विद्यार्थ्यांची मोठी मागणी आहे’ या वाक्यापेक्षा हा कागद वजनदार ठरतो.

सायकल वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचं डिपॉझिट कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, एक दिवसही नाही. लेखा विभागाकडून स्वतंत्र लेखाशीर्ष (हिशेबातला वेगळा रकाना) उघडून घ्या. पदाधिकारी दरवर्षी बदलतात आणि परत मागणारा विद्यार्थी नेमका नंतरच्या वर्षी येतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. सायकल एकदा डेडस्टॉक रजिस्टरवर (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढली की निर्लेखन, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढणं, झाल्याशिवाय तिचा एकही भाग दुसरीला लावता येत नाही, चाक आउट (वाकडं) झालेली असली तरी. त्यामुळे वर्षातून एकदा निर्लेखन समितीसमोर यादी ठेवायची, हे मंजुरीच्या पत्रातच लिहून घ्या.