जुने टॉवर स्पीकर घरीच दुरुस्त करताय? या चुका टाळा

चवथीची साफसफाई निघाली की गोव्यातल्या बऱ्याच घरांत चादरीखालून एक जुनी जोडी बाहेर येते. ऐंशीच्या दशकात कुवेतहून, बहारीनहून किंवा जहाजावरून कोणीतरी आणलेले टॉवर स्पीकर. भजनाची कॅसेट लावून बघावी तर एक डबा मुका आणि दुसरा घोगरतोय. पावसाळाभर कोंदट खोलीत उभे असलेले स्पीकर आणखी काय करणार! पण पावसाने होते त्याहून जास्त नुकसान पुढच्या तासाभरात होते, कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसल्यावर.

निदानाआधीच डबा उघडणे

ॲम्प्लिफायर बंद करा आणि त्याच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकर वायरींची अदलाबदल करा. आवाज लावल्यावर दोष त्याच डब्यात राहिला तर तो डब्यात किंवा त्याच्या वायरीत आहे. दुसऱ्या डब्यात गेला तर स्पीकर निर्दोष आहेत, ॲम्प्लिफायर किंवा कॅसेट डेक तपासा. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मी उघडाउघड वाचते.

मग वायरीचे टोक बघा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तांबे काळेहिरवे पडते. बोटभर वायर कापून नवे टोक सोला, टर्मिनल घासून स्वच्छ करा. डब्याच्या पुढे किंवा मागे ट्विटरचा, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचा, आवाज कमी-जास्त करायचे बटण असेल तर ते पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आत गंज चढला की ट्विटर गेल्यासारखा वाटतो आणि लोक नवा ट्विटर शोधत फिरतात. फिरवून फरक पडला तर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे सांधे साफ करायचा स्प्रे, मारा. कुलपाला मारायचा गंज काढण्याचा स्प्रे इथे चालत नाही, त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो.

मल्टिमीटर वापरताना एक लक्षात ठेवा. आठ ओहमचा वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर), त्याची एक वायर सोडवून मोजला तर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. तेच बरोबर आहे. आठ दिसत नाहीत म्हणून चांगल्या वूफरची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) बदलून घेणारे मी पाहिले आहेत. काहीच आकडा आला नाही, तरच कॉइल तुटलेली.

सडलेल्या फोमवर फेविक्विक

सगळ्यात जास्त हानी इथे होते. वूफरच्या कागदी कोनाभोवतीची (शंकूसारख्या पडद्याभोवतीची) मऊ कडा बऱ्याच जुन्या स्पीकरमध्ये पॉलियुरेथेन फोमची असते. दमटपणा तिचा शत्रू. पंधरा-वीस वर्षांत ती चिकट होते, मग बोट लावताच भुगा पडतो. आधी कडा नक्की फोमचीच आहे ना ते पाहा. रबराची किंवा कापडाची असेल आणि फाटली नसेल तर तिला हात लावू नका.

फोमच असेल तर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, बँडेज, फेविक्विक हे सगळे विसरा. झटपट चिकटणारा गोंद दगडासारखा कडक होतो, कोन वाकडा बसतो आणि कॉइल चुंबकाच्या फटीत घासू लागते. नवी फोम रिंग मागवताना फक्त ‘दहा इंची’ सांगून भागत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास, फ्रेमचा चिकटवायच्या जागेचा व्यास आणि गोलाईची रुंदी, तिन्ही मापे घ्या. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडे-थोडे लावून काढा. थिनर नको, कोनावरचा लेप आणि इतर सांधेही सुटू शकतात.

सुकल्यावरही लवचिक राहणारा गोंद घ्या. रिंग आधी कोनाला लावून पूर्ण वाळू द्या, मगच फ्रेमला. फ्रेमवरचा गोंद ओला असतानाच मोबाइलवरून ॲम्प्लिफायरला ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात द्या आणि कोन सरकवत घासण्याचा आवाज नाहीसा होईल तिथे थांबवा. मग रात्रभर तसेच ठेवा. चवथीच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढू नका!

स्क्रू काढताना कोनावर तळहात आडवा धरा. चुंबक स्क्रू-ड्रायव्हर असा ओढतो की तो सरळ कागदातून आरपार जातो.

कपॅसिटरची घाई

क्रॉसओव्हरमधले (उंच आणि खालचे सूर ट्विटर-वूफरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे होतात, हे खरे. पण दुकानात सहज मिळणारे, एका बाजूला वजा खूण असलेले कपॅसिटर इथे चालत नाहीत. नॉन-पोलर (अधिक-वजा बाजू नसलेले) किंवा फिल्म प्रकारचे मागा, मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा, व्होल्टेज जास्त चालेल. बदलायचे तर दोन्ही डब्यांत एकदम.

उलटी जोडणी

उघडलेला स्पीकर परत जोडताना तांबडी-काळी वायर उलटली की बास, म्हणजे खालचे सूर, गायब होतो. तपासायला केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका लावा. ती मोनो आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, त्यामुळे आवाज दोन्ही डब्यांच्या बरोबर मधून आला पाहिजे. तो विस्कटलेला आणि पोकळ वाटला तर एकाच डब्याची वायर फिरवून बघा.

व्होल्टेज

स्पीकर विजेवर चालत नाहीत, पण सोबत आलेला ॲम्प्लिफायर चालतो. जपानच्या घरगुती वापरासाठी बनलेला असेल तर तो १०० व्होल्टचा, सौदीहून आला असेल तर १२७ व्होल्टवर लावलेला असू शकतो. मागची पट्टी न वाचता आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये पिन घालू नका. नुसता धूर निघाला तर नशीब, कारण ॲम्प्लिफायर जाताना वूफरही जाळून जाऊ शकतो.

कोपऱ्यात ढकलणे

कौलारू घरात वर माळा नसला की बास उंच छपरात विरतो, म्हणून डबे कोपऱ्यात सारले जातात आणि मग पखवाज नुसता घुमतो. भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्या, दोन डबे आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येऊ द्या. फ्लॅटमध्ये उलटा त्रास, गुळगुळीत टाइल्सवरून आवाज आदळतो. तिथे जाजम अंथरा.

बास रिफ्लेक्सच्या भोकात (डब्यातली हवा आत-बाहेर जायच्या भोकात) टॉर्च मारायला विसरू नका, कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधते. आणि डबे थेट लादीवर ठेवू नका. आतली पार्टिकल बोर्डची फळी लादी पुसतानाचे पाणी शोषते आणि एकदा फुगली की परत बसत नाही. ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा खाली सरकवला तरी पुरे.