दारूच्या रुग्णाबाबत या चुका टाळा

कोकणातल्या लहान रुग्णालयांत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, रुग्णाला शेवटचा घोट कधी घेतला ते विचारा. तरी दर महिन्याला एखादा केसपेपर त्याशिवायच माझ्यासमोर येतो.

मालवणकडचा एक खलाशी पाय मोडून दाखल झाला होता. प्लास्टर झालं, दोन दिवस गडी शांत. तिसऱ्या रात्री त्याची बायको धावत आली, "डॉक्टरांनू, ते जाळा ओढतत!" जाऊन बघतो तर तो खाटेवर बसून चादर ओढतोय. एका हातामागून दुसरा हात, प्रत्येक ओढीला मूठ घट्ट. घामाने निथळलेला, नाडी १३०. कुणी म्हणालं वेड लागलं, कुणी म्हणालं बाहेरची बाधा. हात बांधायला पट्ट्या आणल्या होत्या. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि ४८ ते ९६ तासांत असा भ्रम होतो. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. दाखल होताना त्याचे हात थरथरत होते, मी ते वेदनेवर ढकललं होतं. तेव्हापासून शेवटच्या घोटाची वेळ मी केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहितो. थरथर दिसली की ती शांत करणारं डायझेपाम, यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. ग्लुकोजची घाई नको; मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

"दारू पिता का?" असं विचाराल तर "नाही" ऐकाल. माडीला बरेच जण दारूत धरतच नाहीत. माडी, काजूची, देशी, बिअर, एकेक नाव घेऊन विचारा. बायकांनाही विचारा. ऑडिट ही १० प्रश्नांची चाचणी पाच मिनिटांत होते. ८ किंवा जास्त गुण आले तर पुढे बोलायलाच हवं.

सगळ्यात संताप येतो तो चोरून दिलेल्या डायसल्फिरामचा, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून द्यायच्या गोळीचा. घरची माणसं माशाच्या कालवणात गोळीची पूड मिसळतात, आणि कधी कधी ती चिठ्ठी डॉक्टरनेच दिलेली असते. वर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद, उलट्या, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. गोळी थांबवल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. रुग्णाने स्वतः होकार दिल्याशिवाय ती देऊ नका. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन आहे, आधी यकृत तपासा. अकॅम्प्रोसेट आहे, आधी मूत्रपिंड तपासा. दोन्हींना वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

पुन्हा प्यायला म्हणून रुग्णाला झापू नका, तो परत यायचा नाही.

आणि पुढची तारीख दिल्याशिवाय घरी सोडू नका. मी आठवड्याच्या आतली देतो, होडी समुद्रात जाणार असेल तर परतायचा दिवस विचारून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हातात काम नसतं, तेव्हा माझे बरेच जण घसरतात, म्हणून त्या दोन महिन्यांत दर आठवड्याला बोलावतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर बायकोच्या मोबाइलमध्ये मी स्वतः घालून देतो.